न आलेल्या गायकांची साथ

‘द साउंड ऑफ सायलेन्स’ या गाण्याचं जे रूप जगभर गाजलं, त्यात पहिल्या कडव्यापुरती एक गिटार आणि दोन आवाज एवढंच असतं. अंधाराला जुना मित्र म्हणून हाक मारणारं ते कडवं उभ्या जागी गायलेलं आहे. दुसऱ्या कडव्यात गाणारा एकटाच अरुंद, दगडी रस्त्यांवरून चालू लागतो आणि नेमके तिथंच ड्रम्स येतात. बरोबर बेस येतो, इलेक्ट्रिक गिटार येते, आणि गाणंच चालायला लागतं. मी हे गाणं कितीही वेळा ऐकलं असलं तरी त्या वळणावर हातातलं काम थांबतं.

ते ड्रम्स वाजले तेव्हा गाणारे दोघं स्टुडिओत नव्हते. असं काही चाललंय हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल यांनी ते गाणं पंधरा महिन्यांपूर्वी गाऊन ठेवलं होतं, ते पडलं होतं आणि दोघं आपापल्या वाटेनं निघून गेले होते. वादकांनी कानाला हेडफोन लावून, टेपवर गोठलेल्या त्या आवाजांना साथ केली. तीच रेकॉर्ड पुढं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली.

माझा कान बैठकीच्या गाण्यावर घडला आहे, त्यामुळे या गोष्टीत मला सगळ्यात जास्त काय खुणावतं ते सांगायला हवं. आपल्याकडं तबलजी गायकाच्या तोंडाकडं बघत वाजवतो. गायकानं श्वास लांबवला तर ठेका त्याच्यासाठी जागा करून देतो, गायक समेवर येताना जरा घाईत असेल तर तबला त्याला सांभाळून घेतो. आणि हे दोन्ही बाजूंनी चालतं. ठेक्यात एखादी सुंदर जागा आली की गायकाच्या पुढच्या तानेवर तिचा परिणाम दिसतो. साथ म्हटलं की मला ही नजरानजर आठवते. न्यूयॉर्कच्या त्या स्टुडिओत १५ जून १९६५ रोजी जे झालं त्यात नजरानजर शक्यच नव्हती. एक बाजू सगळं गाऊन मोकळी झालेली, आणि दुसऱ्या बाजूनं फक्त ऐकायचं. तरी ती साथ आहे, आणि अस्सल साथ आहे, असं मला वाटतं. का वाटतं, तेच इथं लिहायचं आहे.

सायमन आणि गारफंकल न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वाढले. दोघंही १९४१ चे, शाळेतले मित्र. सोळाव्या वर्षी त्यांनी ‘टॉम अँड जेरी’ या नावानं ‘हे, स्कूलगर्ल’ नावाचं एक गाणं काढलं होतं. १९५७ साली ते बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ४९ व्या क्रमांकापर्यंत पोचलं. शाळकरी पोरांसाठी हे फार मोठं यश, पण त्यानंतर काही जमलं नाही आणि दोघांत दुरावाही आला. पुन्हा एकत्र आले ते न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातल्या लोकसंगीताच्या लाटेत. सायमन तेव्हा एका संगीत प्रकाशन कंपनीत काम करायचा, कंपनीकडची गाणी घेऊन रेकॉर्ड कंपन्यांचे उंबरे झिजवायचा. रात्री घरी न्हाणीघरात दिवा मालवून, नळ सोडून, गिटार घेऊन बसायचा. फरशांवरून आवाज घुमून परत येतो म्हणून त्याला ती जागा आवडायची. ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ तिथं जन्मलं, असं त्यानं पुढं अनेकदा सांगितलं आहे. १९६४ च्या सुरुवातीला गाणं पुरं झालं.

ते पहिल्यांदा व्यावसायिक कानावर पडलं ते टॉम विल्सनच्या. या माणसाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण या गाण्याच्या गोष्टीत त्याचं नाव नेहमी एका वाक्यात उरकलं जातं. विल्सन १९३१ साली टेक्सासमधल्या वेको गावी जन्मला. कृष्णवर्णीय. हार्वर्डमधून पदवी घेतल्यावर त्यानं स्वतःची छोटी जॅझ रेकॉर्ड कंपनी काढली आणि सन रा, सेसिल टेलर यांच्यासारख्या, त्या काळात फारसं कुणी हात न लावणाऱ्या वादकांच्या रेकॉर्ड्स केल्या. साठच्या दशकात तो कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत निर्माता झाला आणि गायक-गीतकार बॉब डिलनच्या रेकॉर्ड्स करू लागला. जॅझच्या पठडीत तयार झालेला माणूस गिटार घेऊन एकट्यानं गाणाऱ्या पोरांची गाणी ऐकत होता. त्याला त्या गाण्यांत जे ऐकू आलं ते इतरांना आलं नाही, हे मला नवल वाटत नाही.

विल्सनला गाणं आवडलं, पण ते त्याला दुसऱ्याच एका गटाकडून गाऊन घ्यायचं होतं. सायमननं आग्रह धरला की आम्ही दोघं कसं गातो ते आधी ऐका. ऐकल्यावर विल्सननं दोघांनाच कोलंबियात घेतलं. १० मार्च १९६४ रोजी गाणं ध्वनिमुद्रित झालं, ध्वनिमुद्रक होता रॉय हॅली. ऑक्टोबरमध्ये ‘वेन्सडे मॉर्निंग, ३ ए.एम.’ हा अल्बम आला. बारा गाणी, त्यातली निम्म्याहून कमी सायमनची. बाकी लोकगीतं, भक्तिगीतं, दुसऱ्यांची गाणी. मुखपृष्ठावर दोघं सूट घालून भुयारी रेल्वेच्या फलाटावर उभे. त्या वर्षी फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेत उतरले होते आणि बाजारात दुसऱ्या कशाला जागा उरली नव्हती. अल्बमच्या जेमतेम ३,००० प्रती खपल्या. सायमन इंग्लंडला गेला आणि तिथल्या लहान लहान लोकसंगीत क्लबांत गाऊ लागला. गारफंकल कोलंबिया विद्यापीठात अभ्यासाला लागला. जोडी संपल्यातच जमा होती.

गाणं मात्र संपलं नव्हतं, आणि इथं ज्या श्रोत्यांमुळे ते जगलं त्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. बॉस्टनच्या डब्ल्यूबीझेड या रेडिओ केंद्रावर डिक समर नावाचा निवेदक रात्री उशिराचा कार्यक्रम करायचा. बॉस्टन म्हणजे कॉलेजांचं शहर. त्याचे श्रोते बहुतेक जागणारे विद्यार्थी. त्यानं पडलेल्या अल्बममधलं हे एक गाणं लावलं, आणि फर्माइशी येऊ लागल्या. मग वसंताच्या सुट्टीत फ्लोरिडाच्या कोको बीचवर जमलेल्या विद्यार्थ्यांत त्याची मागणी निघाली. ही बातमी कोलंबियाच्या प्रसिद्धी विभागातून विल्सनपर्यंत गेली. हे श्रोते जे ऐकत होते ते जुनं, ड्रम्स नसलेलं रूप होतं, हे मी विसरू देणार नाही. गाण्याला पहिली पावती मिळाली ती एका गिटारवर. रात्री दोनला अंथरुणात पडून ट्रान्झिस्टर ऐकणाऱ्या एखाद्या मुलाला त्यात काय सापडलं असेल, याची कल्पना करायला मला मुळीच कष्ट पडत नाहीत.

मग विल्सननं ते केलं ज्यावर आजही वाद होतो. त्याला ही युक्ती अचानक सुचलेली नव्हती. आदल्या डिसेंबरात त्यानं डिलनच्या काही जुन्या, एकट्या गिटारवरच्या ध्वनिमुद्रणांवर रॉक वाद्यवृंद चढवून पाहिला होता. बर्ड्स या गटानं डिलनच्या एका गाण्याला इलेक्ट्रिक गिटारचा साज चढवला होता, ते यादीत वर चढत होतं आणि १९६५ च्या जूनअखेर पहिल्या क्रमांकावर गेलं. वारं कुठल्या दिशेनं वाहतंय ते दिसत होतं. १५ जूनला कोलंबियाच्या स्टुडिओत विल्सन डिलनचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ करत होता. ते काम त्या दिवशी पुरं झालं नाही, दुसऱ्या दिवशी झालं. पण त्या पहिल्या दिवसाच्या कामानंतर त्यानं गिटारवादक अल गोर्गोनी आणि ड्रमर बॉबी ग्रेग यांना थांबवून घेतलं, गिटारवादक व्हिनी बेल आणि एक बेसवादक यांना जोडीला घेतलं, आणि पंधरा महिन्यांपूर्वीची टेप लावली.

अडचण लगेच समोर आली. मूळ गाण्याची लय एकसारखी नव्हती. दोन माणसं एका गिटारवर गातात तेव्हा त्यांना कुणी मोजून देत नाही. एखाद्या ओळीत शब्दांच्या भरात ती पुढं सरकतात, पुढच्या ओळीत रेंगाळतात. ऐकणाऱ्याला ते जाणवतही नाही, कारण गिटार त्यांच्याबरोबरच सरकते. पण त्यावर ड्रम्स बसवायचे म्हटले की तीच सैल लय वैरी होते. ग्रेगला ठरावीक ठेका धरून चालणार नव्हतं. आवाज कुठं ओढ घेतात ते लक्षात ठेवून, त्यांच्या किंचित मागं राहून वाजवायचं होतं. शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी, जिथं माणसं स्वतः घडवलेल्या दिव्यांच्या देवापुढं वाकतात, तिथं नीट कान दिला तर ठेका क्षणभर अडतो. वादक आवाजांची वाट बघत थांबल्यासारखे वाटतात आणि मग पुन्हा पाऊल टाकतात.

संगीताच्या काटेकोर हिशेबात ही चूक धरतात. मी ती या रेकॉर्डची सर्वांत सुंदर जागा मानते. साथीदाराचा सगळा धर्म त्या अडखळण्यात आहे. त्याच्याकडं स्वतःची पक्की लय आहे, आणि तो ती समोरच्यासाठी सोडतो. इथं तर समोर कुणी नाहीच. फक्त एक टेप आहे, जी त्याच्यासाठी कणभरही थांबणार नाही. तरी तो थांबतो. त्यानंतर हॅलीनं मिश्रण करताना बर्ड्सच्या रेकॉर्ड्सच्या धर्तीवर भरपूर प्रतिध्वनी घातला. न्हाणीघराच्या फरशांवर घुमणारा आवाज ऐकून रचलेलं गाणं शेवटी पुन्हा घुमू लागलं.

या नव्या रूपाची सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, १३ सप्टेंबर १९६५ रोजी बाजारात आली. मागच्या बाजूला दोघांनी त्या वसंतात गाऊन ठेवलेलं एक हलकंफुलकं गाणं होतं, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही. नोव्हेंबरच्या विसाव्या तारखेच्या बिलबोर्ड यादीत ‘साउंड ऑफ सायलेन्स’ दिसलं. सायमन तेव्हा युरोपात कार्यक्रम करत फिरत होता. आपलं गाणं यादीत चढतंय हे त्याला डेन्मार्कमध्ये असताना कळलं. नवं रूप पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो हादरला.

त्याचा धक्का मी पूर्णपणे खरा मानते. ‘शेवटी हिट झालं ना, मग तक्रार कसली’ असं म्हणणारे लोक मला पटत नाहीत. ज्या माणसानं अंधारात बसून एकेक ओळ जुळवली, त्याला विचारल्याशिवाय त्याच्या आवाजाभोवती दुसऱ्यांनी काहीतरी रचावं आणि ते त्याच्या नावावर विकावं, यात अन्याय आहे. कराराच्या कागदावर टेप कंपनीची असते, हे खरं. पण गाणाऱ्याचा श्वास कुठं सुटतो आणि कुठं अडतो, यावर कागदाचा हक्क कसा सांगायचा? विल्सननं एक फोन करायला हवा होता. त्या काळात इंग्लंडला फोन लावणं महाग होतं, सोपं नव्हतं, पण पत्र तरी जात होतं. इतकं म्हणून झाल्यावर मला हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणायचं आहे की विल्सनला बरोबर ऐकू आलं होतं. पहिलं रूप सुंदर आहे. दुसरं रूप पूर्ण आहे. चालणाऱ्या माणसाच्या गाण्यात त्याची पावलं हवी होती.

१ जानेवारी १९६६ च्या यादीत गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. मग बीटल्सच्या ‘वी कॅन वर्क इट आउट’नं त्याला खाली ढकललं, २२ तारखेच्या यादीत ते पुन्हा वर आलं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बीटल्स. ज्यांच्या लाटेत पहिला अल्बम बुडाला होता त्यांच्याशीच ही अटीतटी चालली होती. या दिवसांतली एक हकीकत दोघांनीही सांगितली आहे. क्वीन्समध्ये रस्त्याकडेला गाडी उभी करून दोघं आत बसले होते, करायला काही नव्हतं. रेडिओवर निवेदकानं पहिल्या क्रमांकाचं गाणं म्हणून त्यांचंच नाव घेतलं. गाडीत कुणीतरी म्हणालं, हे सायमन आणि गारफंकल किती मजेत असतील. मला या हकीकतीत त्या दोघांचं एकटेपण दिसतं. रेडिओवरचं ते गाणं त्यांचं होतंही आणि नव्हतंही. त्यातले ड्रम्स त्यांनी इतर श्रोत्यांसारखेच बाहेरून ऐकले होते.

कंपनीला आता अल्बम हवा होता, आणि तो घाईघाईनं डिसेंबरात ध्वनिमुद्रित होऊन जानेवारीत आलाही. ब्रिटनमध्ये त्यांची सिंगल चालली नाही. तिथं हे गाणं आयर्लंडच्या द बॅचलर्स या गटानं गायलं आणि १९६६ साली तिसऱ्या क्रमांकावर नेलं. ते रूप गुळगुळीत आहे; त्यात कुणाला कुणाची वाट बघावी लागत नाही.

लोकांनी या गाण्यात काय ऐकलं? १९६३ च्या नोव्हेंबरात केनेडींची हत्या झाली, आणि गाण्याचा जन्म त्याच हिवाळ्यातला, म्हणून अनेकांनी त्यात त्या दुःखाचे पडसाद ऐकले. सायमननं स्वतः ते तरुण वयातल्या परकेपणाचं गाणं म्हटलं आहे. गारफंकल त्या काळात मंचावरून सांगायचा की माणसं एकमेकांशी बोलू शकत नाहीत, त्याबद्दलचं हे गाणं आहे. मग १९६७ च्या अखेरीस ‘द ग्रॅज्युएट’ चित्रपट आला. दिग्दर्शक माइक निकोल्सनं संकलन चालू असताना ते तात्पुरतं म्हणून दृश्यांमागं लावलं होतं. पुढं ते निघेना, तिथंच राहिलं. विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यावर निर्विकार उभा असलेला डस्टिन हॉफमन आणि मागं हे गाणं, अशी एका पिढीच्या मनात जोडी बसली. तो माणूस चालत नाही, पट्टा त्याला नेतो. ते दृश्य उत्तम आहे, पण मला वाटतं त्यानं गाण्याची चाल बदलली. तेव्हापासून लोक त्यात थकवा ऐकू लागले. मूळ गाण्यात गाणारा थकलेला नाही; तो पाहतो, ओरडून सांगतो, माझे शब्द ऐका म्हणून हात पुढं करतो.

मंचावर मात्र त्या दोघांनी त्या काळात विल्सनचे ड्रम्स सोबत घेतले नाहीत. साठच्या दशकातल्या त्यांच्या कार्यक्रमांत या गाण्याला एक गिटार आणि दोन आवाज एवढंच असायचं. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये केलेल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण पुढं प्रसिद्ध झालं, त्यात हे गाणं तसंच आहे. ड्रम्सची रेकॉर्ड विकत घेऊन आलेले हजारो लोक समोर बसलेले, आणि कुणाला काही उणं वाटत नाही. ११ सप्टेंबर २०११ रोजी, जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्याच्या दहाव्या स्मृतिदिनी, सायमननं न्यूयॉर्कमध्ये त्या जागी उभं राहून हे एकट्यानं गायलं. २०१५ साली डिस्टर्ब्ड या मेटल गटानं ते कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत नेलं. सायमननं त्यांच्या गाण्याचं मनापासून कौतुक केलं. ज्या माणसाला एकदा इतका धक्का बसला होता, त्यानं परक्या हातांतलं आपलं गाणं असं मोकळेपणानं स्वीकारावं, हे मला फार आवडलं.

विल्सनला या यशाचा पुढचा भाग मिळाला नाही. डिलनचं काम त्याच उन्हाळ्यात बॉब जॉन्स्टनकडं गेलं, आणि या जोडीचा नवा अल्बमही जॉन्स्टननंच केला. विल्सन दुसऱ्या कंपनीत गेला. फ्रँक झापाच्या मदर्स ऑफ इन्व्हेन्शन या रॉक गटाचा पहिला अल्बम त्यानं केला, व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या गटाबरोबर काम केलं. १९७८ साली, ४७ व्या वर्षी तो गेला. साठच्या दशकातल्या अमेरिकन संगीताची निम्मी वळणं ज्याच्या हाताखालून गेली, त्याच्यावर आजही फार थोडं लिहिलं जातं.

एक ध्वनिमुद्रण सांगायचं राहिलं. १९६५ च्या त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये सायमननं एकट्यानं एक अल्बम केला, ‘द पॉल सायमन साँगबुक’. थोडक्या पैशांत, एक गिटार आणि एक आवाज. १९७९ मध्ये त्यानंच तो बाजारातून काढून घ्यायला लावला, आणि तो रीतसर पुन्हा आला थेट २००४ मध्ये. त्यात ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ आहे. गाणं तिथं जास्त करडं आहे, गारफंकलच्या आवाजाची मऊ कड नाही, आणि खाली सतत एक आवाज ऐकू येतो: सायमन जमिनीवर पाय आपटून ठेका धरतोय.

म्हणजे ठेका त्यालाही हवा होता. समुद्राच्या एका काठावर तो पायानं वाजवत होता, आणि दुसऱ्या काठावर, त्याला न कळता, बॉबी ग्रेग ड्रम्सवर. दोघं एका खोलीत असते तर सायमननं ग्रेगला शेवटच्या कडव्यात लय कुठं ओढली जाते ते आधीच सांगितलं असतं, किंवा पुन्हा एकदा नीट लयीत गाऊन दिलं असतं. रेकॉर्ड सफाईदार झाली असती. ग्रेग जिथं थांबतो ती जागा मात्र तिच्यात नसती, आणि ती नसलेली रेकॉर्ड मला नको आहे.